दोन टिपक्यांच्या पुढं

बारामती,
कार्तिक वद्य तृतीया

प्रिय म्हस्कू,

पत्र बघून तुला वाटेल, दादानं फोन का केला नाही. केला असता तर तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर मी इकडचं तिकडचं बोलून, तुला एकदा हसवून, ठेवून दिला असता. बावीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून माझी जीभ फार गुळगुळीत झालीय. कागदावर ती जरा अडखळते, म्हणून कागद घेतला.

परवा मी सणसरला होतो तेव्हा तुझ्या स्वरूपाचा आईला फोन आला होता. आबांच्या वर्षश्राद्धाला ती पोरांना घेऊन सणसरला येईल, पण तू येणार नाहीस, पॉलीहाऊसमध्ये गुलाबाची तोड आहे, मालक सुट्टी देत नाही, असं म्हणाली. आईनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, "गुलाब काय एक दिस थांबत न्हायती व्हय?" मग परत ज्वारी निवडायला बसली. स्वरूपावर रागावू नकोस, तिला खोटं बोलायची सवय नाही हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं. आईचं म्हणशील तर बरं आहे. गुडघे दुखतात. रस्त्यानं कुणाचाही ट्रॅक्टर गेला की उठून दाराला कडी लावते आणि तो गेला की काढते. दिवसातून पंधरा-वीस वेळा. आता कारखान्याचं गाळप सुरू झालंय, म्हणजे जास्तच.

दुसरी बातमी म्हणजे तुझं खोकं मी आज उघडलं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तू ट्रॅक्टरवरनं तो बासचा मोठा सब-स्पीकर आणि ॲम्प काढून, वायरी ओढून तोडून, माझ्या दुकानात आणून टाकलास आणि म्हणालास, "दादा, हे हिरीत टाक." मी व्हय म्हटलं. टाकलं नाही. युरियाच्या पोत्यात गुंडाळून फळीखाली ठेवलं होतं, अकरा महिने. रोज पाय लागायचा. आज दुकानाचं शटर अर्धं ओढलं, काउंटरवरच्या छकुलीला म्हटलं, कुणी आलं तर दादा इंदापूरला गेलेत म्हणून सांग, आणि पोतं सोडलं. त्यात काय निघालं ते सांगतो, पण आधी मला थोडं मागं जाऊ दे.

सध्या दुकानात गर्दी आहे. कारखान्याची वाहतूक सुरू झाली की ट्रॅक्टरवाल्यांना वाजवायचं सुचतं, तुला ठाऊकच आहे. कालच वडगाव निंबाळकरचा ऋषिराज नावाचा एक जण नवा ट्रॅक्टर घेऊन आला होता. खोक्यावर तीन हजार वॉट लिहिलेला ॲम्प त्यानं मोबाईलवरनं मागवलेला, आणि बारा इंची सब त्याच्या मेव्हण्यानं आहेर म्हणून दिलेला. म्हणाला, "काका, जोडून द्या, नुसता दणका पाहिजे." मी त्याला बसवलं, चहा पाजला. म्हटलं, बाबा, तुझ्या लग्नाच्या बायोडाट्यात काय काय लिहिलं होतं ते आठव. खोक्यावरचा आकडा तसला असतो. बैल एका झटक्यात किती ओढतो ते सांगतात, दिवसभर नांगराला किती चालतो ते सांगत नाहीत. आपल्याला दिवसभराचं पाहिजे. आतल्या कागदावर बारीक अक्षरात आरएमएस म्हणून आकडा असतो, सबचा तो आणि ॲम्पचा तो जुळवायचा. ओहमही बघायचे. सब चार ओहमचा असेल तर ॲम्प चार ओहमला किती देतो तेच बघायचं, दोन ओहमचा मोठा आकडा बघून खूश व्हायचं नाही. आणि ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बिचारा चाळीस अँपिअरचा. त्यात दिवे, त्यात चार्जिंग. तो तीन हजार वॉट आणणार कुठनं? बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, तांब्याची जाड वायर, अर्थिंगला रंग खरवडून मोकळं लोखंड, एवढं झालं की मग आवाजाचं बोलायचं.

तो ऐकत होता, म्हणजे मोबाईल बघत होता. मग त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, तू विचारला होतास तोच. लहान ॲम्प घेतला तर सबला धोका नाही ना? आणि मी नेहमीचंच उत्तर दिलं. लहान ॲम्प जपून वापरला तर शंभर वर्षं टिकेल. पण कुणी जपून वापरत नाही. कमी वाटतंय म्हणून ॲम्पवरचा गेनचा गोल खटका फिरवतात, त्याच्या ताकदीबाहेर त्याला ओरडायला लावतात, मग आवाज फाटतो आणि आतली कॉईल भाजून निघते. सब दणक्यानं जळत नाही, फाटक्या आवाजानं जळतो. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, टेपचा आवाज ॲम्पनं किती ओढून घ्यायचा ते तो ठरवतो.

शेवटी त्याला साडेतीनशेचा जोडून दिला. आणि मग मी एक गोष्ट केली, ती हल्ली सगळ्याच ट्रॅक्टरवाल्यांना करतो. त्याला सीटवर बसवलं, इंजिन चालू, टेप पाऊणपर्यंत. मी ट्रॉलीच्या टोकाएवढा मागं गेलो आणि हाळी दिली. त्यानं मान वळवली नाही. खटका थोडा खाली घेतला, परत मागं गेलो. तिसऱ्या खेपेला त्यानं मागं बघितलं आणि खो खो हसला. "काका, मेंढरं हाकताय व्हय?" भिगवण रोडवरचे सगळे हसले. मीही हसलो. मला हसता येतं अजून, त्याचं काही बिघडलेलं नाही.

मेंढरांवरनं आठवलं. तू तेव्हा तीन-चार वर्षांचा असशील, तुला आठवणार नाही. आबांनी कळप विकला त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर रानात होतो. आबा घोंगडीवर डोळे मिटून पडायचे आणि म्हणायचे, "दादासाहेब, कानात काळं असलेल्या मेंढीची घंटा वाजंना. बघ बरं." मी बघायचो, तर ती खरंच झुडपात अडकलेली. मग मीही डोळे मिटून बसायला लागलो. सहा महिन्यांत मला वीस घंटा वेगळ्या ऐकू यायला लागल्या. माझं शिक्षण म्हणशील तर ते एवढंच. एसटी स्टँडमागं मी कॅसेट प्लेअर दुरुस्त करायला बसलो तेव्हा माझ्याजवळ मीटरसुद्धा नव्हता, कान होते. अजूनही लोकं पुण्याहून गाडी घेऊन येतात ते त्याच्यासाठी. मी गेन लावताना यंत्र वापरत नाही. बास बूस्ट बंद, टेप पाऊणवर, आणि खटका हळूहळू वर. आवाज फाटायच्या आधी एक क्षण असा येतो की बास जाड व्हायचा थांबतो आणि नुसता कडक होतो. तिथनं एक केस मागं यायचं, थांबायचं, आणि त्या जागेवर तुझ्या वहिनीच्या नेलपॉलिशचा लाल टिपका लावायचा. ह्याच्या पुढं गेलात तर गॅरंटी संपली. सारजा म्हणायची, माझ्या नखाला कधी लागलं न्हाय ते सगळ्या तालुक्याच्या ॲम्पला लागलं.

तुझ्या ॲम्पलाही मी तसाच टिपका लावला होता. तीनशेचा सब, तीनशेचा ॲम्प, चार ओहमला चार ओहम, घरचं काम म्हणून वायर एक नंबर वरची. तो पहिला टिपका तुला ठाऊक आहे. दुसरा ठाऊक नाही.

गेल्या वर्षी गाळप सुरू झाल्यावर आबा दुकानात आले होते. तुला कुणी सांगितलं नसेल, कारण मीच कुणाला सांगितलं नाही. एसटीनं आले, फेटा नीट बांधून, माझ्यासाठी पेरू घेऊन. गिऱ्हाईक होतं म्हणून स्टुलावर बसून राहिले. ते गेल्यावर म्हणाले, "दादासाहेब, म्हस्कूचं ते खोकं जरा बारीक कर. मी बांधावरनं हाळी दिली तर त्याला ऐकू येत न्हाय. मला लाज वाटती. मैलावरची मेंढरं माझ्या हाळीला वळायची आन् पोटचं पोरगं वळंना." मी म्हटलं, आबा, तुम्हीच सांगा की त्याला. तर म्हणाले, "त्याचा शौक हाय. म्या सांगितलं तर मन मोडंल. तू कारागीर हायस, गुपचूप कर."

आणि मी केलं. त्या शनिवारी तू कारखान्यावरनं रिकामा येताना दुकानावर थांबलास, मी म्हटलं धूळ गेलीय, साफ करून देतो. तू पलीकडं वडापाव खात होतास तेव्हा मी खटका खाली घेतला आणि नव्या जागी टिपका लावला. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. इतका आनंद मी त्यांच्या आवाजात माझं दुकान उघडलं तेव्हाही ऐकला नव्हता. "आरं, वळला! पयल्याच हाळीला वळला! बांधावनं दिली, खोकं वाजत हुतं तरी वळला!" मी म्हटलं, झालं ना काम? आता निर्धास्त राहा, कुठनंही हाळी द्या, त्याला ऐकू जाणार. हे वाक्य मी बोललो, म्हस्कू. दुकानात उभा राहून, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. बोलताना बाहेर कुणीतरी रिव्हर्स हॉर्न वाजवत होतं. मला सगळं ऐकू आलेलं जसंच्या तसं आठवतं, हा माझा रोग आहे.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. आठ-दहा दिवसांनी तू आलास तो रागानंच आलास. कारखान्याच्या नंबरात, ट्रॅक्टरांच्या रांगेत उभं असताना सांगवीच्या पोरांनी तुझी चेष्टा केली होती. "म्हस्कू, तुझ्या सबला सर्दी झालीया व्हय रं?" तू म्हणालास, "दादा, सगळ्या जगाचं वाजवतोस आन् भावाचंच पिपाणी करून ठेवलंस." त्या वेळी सांगायचं होतं, आबा आले होते म्हणून. मला वाटलं तू आबांवर चिडशील. मला हेही वाटलं, खरं सांगतो, की नंबरात पन्नास ट्रॅक्टर उभे असतात आणि दादासाहेबाच्या भावाचं खोकं सगळ्यांत बारीक वाजतं, हे धंद्याला बरं नाही. मी सीटखाली हात घातला आणि खटका वर केला. दुसऱ्या टिपक्याच्या वर, पहिल्याच्या वर, आणि त्याच्याही पुढं. तू म्हणत होतास, "आनखी, आनखी, आत्ता आला." आवाज फाटला ते मला कळलं. मला कळणार नाही तर कुणाला? तू विचारलंस टिपका लावत नाहीस का, तर मी म्हटलं, बाटली वाळलीय. बाटली भरलेली होती, काउंटरवर समोरच होती.

धंद्यातली एक गोष्ट तुला सांगतो, ती मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, कारण त्यांना तिचा उपयोग नसतो. चांगला जुळवलेला बास जमिनीलगत राहतो. तो कितीही मोठा असला तरी त्याच्यावरनं माणसाची हाक निघून जाते. फाटलेला बास तसा राहत नाही. तो वर चढतो, माणसाच्या गळ्याच्या पट्टीत येऊन बसतो आणि तिथलं सगळं खातो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आबांना मी कळवलं नाही. रविवारी सणसरला जाणारच आहे तेव्हा सांगू, म्हटलं. रविवार यायच्या आधी शुक्रवार आला.

त्या दिवसाचं मी काही लिहीत नाही, ते तुझ्याजवळ माझ्यापेक्षा जास्त आहे. आपल्याच रानातला ऊस, आपलीच ट्रॉली, मागच्या चाकाला दगड लावायला गेलेले आबा, आणि तू ट्रॅक्टर मागं घेतलास. पोलिसांसमोर तू आपणहून म्हणालास, "टेप मोठा हुता, मला ऐकू आलं न्हाय, माझीच चूक हाय." मी तिथंच उभा होतो. सगळे तुझ्याकडं बघत होते. मी पण तुझ्याकडंच बघितलं.

तेव्हापासून मला काही होत नाही. रडलो नाही, लोकांनी खमका म्हटलं. चौदाव्याला परत धंद्याला बसलो. जेवण जातं, झोप लागते. पूर्वी नवा सब पहिल्यांदा वाजला की माझ्या छातीत काहीतरी हलायचं, त्यासाठीच तर हा धंदा केला. आता मी सबवर तळहात ठेवून बघतो. तळहाताला कळतं की हलतोय. आत काही येत नाही. सारजा म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मी कान तपासून आलो. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं कान नंबर एक आहेत.

भावकीत अजून एकच प्रश्न विचारतात, तुझ्याही कानावर गेला असेल. चाळीस वर्षं जनावरांत काढलेला माणूस, बिथरलेल्या बैलाच्या पुढनं उडी मारून बाजूला होणारा, तो ट्रॉली येताना दिसत असून बाजूला का झाला नाही? कुणी म्हणतं चक्कर आली, कुणी म्हणतं पाय चिखलात रुतला. मीही मान हलवतो. पण ह्या दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी परत आली. तोडणीवाल्या कुशाबाई तुला आठवतात ना, उंच, कपाळावर मोठं गोंदण. त्या माझ्याकडं मोबाईलचा चार्जर घ्यायला आल्या होत्या. त्या दिवशी त्या चार सऱ्या पलीकडं मोळी बांधत होत्या. मी न विचारता म्हणाल्या, "म्हातारबानं दोन डाव हाळी दिली. आम्हा समद्यांस्नी ऐकू आली. आमी वरडलो, आबा सरका, आबा सरका. तर आमच्याकडं हात करून हसलं. म्हनलं, थांबंल की, ऐकू जातंय त्याला." चार्जर घेऊन गेल्या. मी पैसे घेतले की नाही आठवत नाही.

आता खोक्याचं सांगतो. मी ते आज का उघडलं, तर तुझ्यासाठी एक खोटं तयार केलं होतं. तुला लिहिणार होतो की म्हस्कू, सबची कॉईल आधीच जळलेली निघाली, ॲम्प बंदच पडला होता, म्हणजे त्या वेळी बास वाजतच नव्हता, आबांची हाळी तुला का ऐकू आली नाही कोण जाणे, इंजिनमुळं असेल. माझ्या शब्दावर आख्खा तालुका विश्वास ठेवतो, तूही ठेवला असतास. आणि मनात आशा होती की कदाचित ते खरंच निघेल. मीटर लावला. तीन पूर्णांक सहा ओहम. जिवंत कॉईल. पडदा बोटानं दाबला, सरळ खाली गेला, सरळ वर आला. जळका वास नाही, काही नाही. ॲम्पचं झाकण फडक्यानं पुसलं. खटक्याभोवती दोन लाल टिपके आहेत, एक वर, एक खाली, आणि खटका दोन्हींच्या पुढं, मी सोडला होता तिथंच. तू त्याला हात लावलेला नाहीस. तेवढं तू माझं ऐकलंस, की ह्याला हात लावायचा नाही.

म्हणून हे पत्र. टेप तू वाजवत होतास हे खरं आहे, ते मी तुझ्यापासून काढून घेत नाही. पण आबा ट्रॉलीमागनं हलले नाहीत ते माझ्या शब्दामुळं. त्यांना वाटत होतं की तुला ऐकू जाणार आहे, कारण मी तसं सांगितलं होतं, आणि नंतर ते खरं राहिलं नाही हे मला एकट्यालाच माहीत होतं. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही, सारजालाही नाही. आधी तुला कळायला पाहिजे होतं. मार्गशीर्ष शुद्ध नवमीला आबांचं पान वाढायच्या आधी मी भावकीपुढं सांगणार आहे, तू असलास तरी आणि नसलास तरी. असलास तर बरं होईल, माझ्या शेजारी बसू नकोस वाटलं तर, आईपाशी बस. ॲम्प तसाच ठेवलाय, खटका मी फिरवलेला नाही. तो तू येऊन बघ. आणि सणसर फाट्यावर उतरलास की चालत ये, कुणाच्या गाडीवर बसू नकोस. आई त्या दिवशी दाराला कडी लावणार नाही.

तुझाच,
दादासाहेब